वाटाड्याच्या पुढे

लीड्समधल्या मराठी मंडळींत शशिकांत दळवींना 'बिनबंदुकीचे शिकारी' म्हणत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हमखास विचारायचं, "काय दळवी, यंदा वाघ की सिंह?" दळवी हसून पुढे सरकायचे. घरात बंदूक नाही, लायसन्स नाही, अंगावर तो शिकाऱ्यांचा हिरवा कोट नाही, आणि तरी हा माणूस दर ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या टोकाला जाऊन हरीण मारून येतो, हे कोणाच्या पचनी पडत नसे. लोकांचंही चुकत नव्हतं. दळवी दिसायला हॉस्पिटलच्या तळघरात बॉयलर सांभाळणाऱ्या माणसासारखे दिसत, आणि तेच ते होते.

मूळचे कराडकडचे. मीनलचे वडील आधीपासून लीड्सला होते, म्हणून लग्न करून बायको सासरी जायच्याऐवजी नवराच इकडे आला. यावरूनही चिडवून झालं होतं लोकांचं. दळवींनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. नाकासमोर चालायचं, मोठ्यांपुढे बोलायचं नाही, हाताला लागेल ते काम नीट करायचं, एवढी शिदोरी घेऊन ते आले आणि तेवढ्यावर त्यांचं आयुष्य निभावलं. मुलं, देव आणि दिया, मोठी झाली, एक लंडनजवळ पिनरला आणि एक कार्डिफला गेली. तळघरातल्या बॉयलरना मात्र दळवींशिवाय चैन पडत नव्हतं.

त्यांच्या शिकारीची सुरुवातही बॉयलरपासूनच झाली. हॉस्पिटलातला एक सहकारी सदरलँडचा होता. त्याच्या गावाकडे स्ट्रॉनमोर नावाची इस्टेट, डोंगरच्या डोंगर मालकीचे, आणि मधोमध शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेलं दगडी घर. त्या घराचा म्हातारा बॉयलर ऐन हंगामात बसला आणि त्या आडबाजूला यायला कोणी तयार होईना. दळवी गेले, दोन दिवस काजळीत हात घालून बसले आणि घर गरम करून दिलं. मॅनेजर म्हणाला, दर वर्षी ऑक्टोबरात एकदा येऊन बघून जा, त्याबदल्यात आमच्या मर्डोबरोबर डोंगरात जा. दळवींना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नाही म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून ते हो म्हणाले.

स्कॉटलंड म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. त्या भागात ती नाही. दळवींनी घरी येऊन मीनलला सांगितलं होतं, "अगं, ते वाळवंट आहे. फक्त वाळूच्या जागी पाणी." मैलोन् मैल झाड म्हणून नाही. काळे उघडे कडे, घसरणारी दगडांची रास, आणि खाली पाय ठेवाल तिथं गुडघ्यापर्यंत गिळणारी दलदल. वारा असा की बोललेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचायच्या आत पळवून नेईल. माणूसवस्ती नाही, आडोसा नाही. अशा ठिकाणी आपल्या सांबरासारखी थोराड तांबूस हरणं राहतात, आणि मैलभरावरून माणसाचा वास घेतात.

या शिकारीची रीत दळवींना फार आवडली, कारण ती त्यांच्या स्वभावाला अगदी बेतून शिवल्यासारखी होती. पाहुण्यानं वाटाड्याच्या मागं चालायचं. वाटाडा वाकला की वाकायचं, लोळला की लोळायचं, थांबला की श्वास धरायचा. विचारायचं काही नाही. बंदूकही वाटाड्याच्याच खांद्यावर. तो ज्या क्षणी ती काढून हातात देईल, तेव्हा ती तुमची. पाहुणा लॉर्ड असो की बॉयलरवाला, डोंगरात हुकूम वाटाड्याचा. आणि स्ट्रॉनमोरचे वाटाडे होते मर्डो. दळवींपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, उंच, कमी बोलणारे. घरी दळवी त्यांचा उल्लेख 'मर्डोदादा' असाच करत.

पहिल्या वर्षी दळवींनी डोंगराला गोळी मारली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या डोंगराला. मर्डोंनी फक्त निशाणाच्या लोखंडी पत्र्यापुढे त्यांना आणखी एक तास पालथं झोपवलं. तिसऱ्या वर्षी, गारा पडून गेल्यावर उतरत्या उन्हात, दळवींनी पहिला नर पाडला. मर्डोंनी त्याचं पोट फाडून आतडी बाहेर काढली, रक्तात अंगठा बुडवला आणि दळवींच्या दोन्ही गालांवर ओढला. पहिल्या शिकारीची ती तिथली चाल. दळवींनी संध्याकाळपर्यंत ते पुसलं नाही. फोटो बघून मीनल म्हणाली, "ते आधी धुवा, मग घरात पाऊल टाका."

पण त्यांच्या मनात घर केलेला दिवस तो नव्हता. तो होता न मारलेल्या हरणाचा. एका ऑक्टोबरात दोघं जण अख्खी दुपार ओल्या गवतात पालथे पडून होते. समोर जातिवंत नर बसलेला, उठायचं नाव नाही. दळवींच्या बोटांतला जीव गेला, दात वाजू नयेत म्हणून त्यांनी मफलर तोंडात धरला. शेवटी उजेड जाता जाता तो उठला, पण त्याच्या बरोबर मागे एक मादी येऊन उभी राहिली. गोळी आरपार गेली असती. मर्डोंनी नुसती मान हलवली. दोघं रिकाम्या हातांनी उतरले. खाली आल्यावर मर्डो म्हणाले, "आज तू शिकलास." दळवींना शाळेत कधी शाबासकी मिळाली नव्हती. ही त्यांनी जन्मभर पुरवली.

मीनल दर वर्षी मर्डोंसाठी कांदा-लसूण मसाल्याची बरणी द्यायची. पहिल्या वर्षी मर्डोंनी तो उकडलेल्या अंड्यावर चमचाभर घातला, घामानं डबडबले, डोळे पुसले आणि दुसरा चमचा घेतला. तेव्हापासून ती प्रथाच झाली. इकडून मसाला, तिकडून मांस. मीनल त्या मांसाचं सुकं करायची आणि चिडवणारे तेच लोक बोटं चाटत खायचे.

गेल्या सप्टेंबरात एलीचा फोन आला. एली मर्डोंची एकुलती मुलगी, इन्व्हर्नेसला नर्स. आई नव्हती. ती म्हणाली, "बाबांचं काहीतरी बिघडतंय असं मला वाटतं. पण मी गेले की ते दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसतात आणि दोन तास सांभाळून नेतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडतात. तुझ्याबरोबर ते अख्खा दिवस डोंगरात असतात, तिथं कोणाला सोंग वठवता येत नाही. काहीही वेगळं दिसलं तर मला सांग. काम सुटलं की इस्टेटचं घरही जाईल, ते मला माहीत आहे. माझ्याकडे खोली तयार आहे. घर गेलं तरी चालेल, माणूस राहू दे."

"हो, नक्की सांगतो," दळवी म्हणाले.

ऑक्टोबरात दळवी पोचले तेव्हा मर्डो दारातच उभे होते. हात तसाच राकट, मिठी तशीच आखडलेली. दळवींनी बरणी पुढं केली. मर्डोंनी ती उजेडात धरली, लालभडक मसाल्याकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं, "हे काय आणलंस?"

दळवींना वाटलं, थट्टा आहे. ते हसले. मर्डोही हसले, पण उशिरा हसले, समोरचा हसतोय म्हणून हसावं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोंगर चढले. वाऱ्याचा अंदाज घ्यायला मर्डो स्वेटरच्या बाहीची लोकर उपटून सोडायचे. वारा नेहमी तोंडावर हवा, कारण तो पाठीवर आला की माणसाचा वास सरळ हरणांकडे जातो. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मर्डोंनी लोकर सोडली. ती पुढं उडाली, हरणांच्या दिशेनं. मर्डो तिच्याकडे बघत राहिले आणि तिच्याच मागं चालू लागले. दळवींच्या मानेला थंडगार वारा लागत होता. त्यांनी मफलर मानेभोवती गुंडाळला आणि मागं चालत राहिले. थोड्याच वेळात समोरचा सगळा कळप उधळून कड्यापलीकडे गेला. "गिर्यारोहक असतील कुठंतरी, मेले," मर्डो पुटपुटले. दूरदूरवर चिटपाखरू नव्हतं.

आता कोणी म्हणेल, दळवींनी तेव्हाच बोलायला हवं होतं. हवंच होतं. पण दळवी ज्या घरात वाढले तिथं मोठ्या माणसाला त्याची चूक तोंडावर दाखवणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखं होतं. त्यांचे वडील साखर कारखान्याचा ट्रक चालवायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, संध्याकाळी समोरची बैलगाडी दिसत नव्हती, आणि हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सगळे मिठाची गुळणी धरून बसले. आई रोज देवाजवळ दिवा लावायची आणि ट्रकचा आवाज आला की श्वास सोडायची. असा अख्खा हंगाम गेला. काही झालं नाही. पुढं ऑपरेशन झालं आणि तीच गोष्ट घरात हसत हसत सांगितली जाऊ लागली. त्या वेळी काही विपरीत घडलं असतं तर दळवी वेगळे घडले असते. पण नशिबानं त्यांना चुकीचा धडा दिला. गप्प राहिलं की निभावतं, असं ते शिकले.

तिसऱ्या दिवशी मर्डो पूर्वीचे मर्डो होते. वारा बरोबर तोंडावर. ओढ्याच्या खाचेतून, मग कोपरांवर सरपटत, मग एका खडकामागं. बंदूक हातात आली तेव्हा नर आडवा उभा होता, मागं मोकळा उतार. दळवींची गोळी बरोबर बसली. मर्डोंचे हात सुरीसकट असे सराईत चालले की दळवींना स्वतःचीच लाज वाटली. उगाच शंका घेतली आपण, म्हातारा ठणठणीत आहे, असं त्यांनी मनाशी घोकलं. लाज वाटण्यापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं, हे खरं.

उतरताना धुकं आलं. वर एक खिंड आहे, दगडांचा ढीग रचून खूण केलेली. तिथून पाणी दोन बाजूंना जातं. डावीकडचा ओढा स्ट्रॉनमोरला घरी येतो. उजवीकडचा निर्जन दरीत उतरतो, आणि त्या दरीत समुद्रापर्यंत एक घर नाही. मर्डो त्या ढिगाशी थांबले. पाइप काढला. पेटवला नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर दळवींनी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोराचा चेहरा होता तो.

मग मर्डो हसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या मागं चाललास. आज तू पुढं हो. बघू दे मला, काय शिकलास ते."

वाटाडा पाहुण्याला पुढं जा म्हणत नाही. कधीच नाही. मर्डोंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दळवींना कळलं की आपल्याला कळलंय हे त्यांनाही कळलंय. दोघांपैकी कोणीतरी एकानं तिथं एक वाक्य बोलायचं होतं. कोणी बोललं नाही. दळवी डावीकडे वळले आणि पुढं चालू लागले. मागं मर्डोंची काठी दगडांवर वाजत होती, अगदी जवळ, एक पाऊलही मागं न राहता. खाली आल्यावर मर्डो म्हणाले, "चांगला शिकलास." या वेळी त्या शाबासकीनं दळवींना रडू आलं. तोवर पाऊस लागला होता म्हणून निभावलं.

फोनला रेंज फक्त फाटकापाशी यायची. संध्याकाळी दळवी मीनलला फोन करायला तिथं गेले तर एलीचाच आला. "शशी, कसे आहेत ते? खरं सांग."

समोर अंगणात मर्डो मागाहून तट्टावरून आणलेल्या हरणावर पाइपनं पाणी मारत होते. दळवी दिसल्यावर त्यांनी हात वर केला.

दळवींच्या मनात त्या वेळी काय काय आलं ते सांगायलाच हवं, नाहीतर त्यांना उगाच साधू केल्यासारखं होईल. मर्डोदादांचा मान, हे आलं. त्यांच्या पाठीमागं चहाडी नको, हेही आलं. आणि मर्डो गेले की आपला डोंगर गेला, हेही आलं. तळघरातल्या माणसाला वर्षातले तेवढेच दिवस आकाशाखाली मिळायचे. नवा वाटाडा बॉयलरवाल्याला कशाला नेईल? पुढच्या वर्षी बघू, हळूच काढू विषय, असं ते स्वतःला म्हणाले.

"फाइन आहेत," ते एलीला म्हणाले. "आज फार सुंदर शिकार झाली. अगदी पहिल्यासारखे."

एलीनं सोडलेला श्वास त्यांना फोनवर ऐकू आला. "थँक यू," ती म्हणाली. "तू म्हणतोस म्हणजे ठीकच असतील."

नोव्हेंबरात माद्यांची शिकार सुरू होते. पाहुणे नसतात, वाटाडे आपले आपण जातात. एका सकाळी मर्डो एकटे वर गेले आणि धुकं उतरलं. शोधपथकाला ते उजवीकडच्या दरीत सापडले, ओढ्याकाठी खडकाला टेकून बसलेले, काठी शेजारी उभी करून ठेवलेली. बंदूक नीट रिकामी केली होती. पाय ओढ्याच्या दिशेनं होते. पाणी घरीच जातंय असं समजून ते त्याच्या सोबतीनं उतरत राहिले होते.

बातमी कळल्यावर देवचा पिनरहून फोन आला. "बाबा, मर्डो अंकल गेले? आय'म सो सॉरी. तुम्ही ड्राइव्ह नका करू हं, ट्रेनने जा." पण ट्रेन तिथवर जात नाही. मीनलनं दोन दिवसांची रजा टाकली आणि गाडी तिनंच चालवली. वाटेत दळवींनी तिला सगळं सांगितलं. बरणीचं, लोकरीचं, खिंडीचं, फोनचं.

तिकडे शवपेटी खांदेकरी खड्ड्यात उतरवत नाहीत. पेटीला रेशमी दोऱ्या असतात आणि एकेक दोरी जवळच्या माणसाच्या हातात देतात. कोणाला कोणती दोरी, ते घरचे ठरवतात. एली चर्चच्या दारात दळवींपाशी आली. डोळे सुजलेले, पाठ मात्र बापासारखी ताठ. म्हणाली, "डोक्याकडची दोरी माझी. पायाकडची तू धर. त्यांना ते आवडलं असतं."

"एली..." दळवी म्हणाले.

"मी रोज तोच विचार करते," ती म्हणाली. "मी नर्स आहे, मला कसं दिसलं नाही? मग फोनवरचं तुझं बोलणं आठवतं. ऑक्टोबरात ते ठीक होते. म्हणजे जे झालं ते अचानक झालं, एका दिवसात. कोणाच्या हातात नव्हतं. तेवढं धरून मी उभी आहे." तिनं त्यांचा हात दाबला. "काही असतं तर तू सांगितलंच असतंस."

दळवींकडे शब्द तयार होते. गाडीत त्यांनी ते इंग्रजीत जुळवूनही ठेवले होते. पण समोर ती अशी उभी होती, आणि तिच्या हातातलं एवढंसं काढून घेणं त्यांना जमलं नाही. की नेहमीचंच गप्प राहणं सोपं पडलं? त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं असतं."

दोरी हातात घेतली तेव्हा पेटी जड लागली. उतरताना ती एकदा तिरकी झाली, पायाकडून. एलीनं समोरून त्यांच्याकडे बघितलं. दळवींनी दोरी हळूहळू सोडली आणि पेटी समतल खाली गेली.

निघताना एलीनं घरातून मर्डोंची काठी आणली. हेझलची, मेंढ्याच्या शिंगाची मूठ बसवलेली, तळव्याच्या घामानं काळी पडलेली. "ही तुझ्याकडेच असू दे," ती म्हणाली. दळवींनी दोन्ही हातांनी ती घेतली आणि सवयीनं कपाळाला लावली.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. थंडीनं हरणं डोंगर उतरून रस्त्याकडेला आली होती. एक थोराड नर कुंपणापाशी भिजत उभा होता, गाडी गेली तरी हलला नाही. एरवी मीनलनं गाडी हळू केली असती. आज केली नाही. मग तिनं रस्त्यावरून नजर न काढता विचारलं, "तिला सांगितलं नाहीत ना तुम्ही?"

"नाही."

"मग अहो, ती काठी तरी घ्यायला नको होती."

दळवींनी मागं वळून बघितलं. मागच्या सीटवर काठी आडवी पडली होती, तिच्या टोकाला अजून चिखल होता. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लीड्स अजून खूप लांब होतं.